हिवाळा आला की कवटी आकसते: सोरेक्स चिचुंद्रीबद्दल

रानजाई

फिनलंडमध्ये शिकत होते तेव्हाची गोष्ट. सप्टेंबरातली सकाळ होती. बर्चच्या जंगलातून जाणाऱ्या पायवाटेच्या मधोमध एक चिचुंद्री मरून पडली होती. माझ्या अंगठ्यापेक्षा जेमतेम मोठी. पाठ गडद तपकिरी, कुशी जरा फिक्या, पोट राखाडी. मोहरीएवढे डोळे आणि पुढे काढलेली लांब, लवचीक सोंड. अंगावर ओरखडाही नव्हता. काडीने वरचा ओठ उचलून पाहिला तर दातांची टोकं तांबडीलाल. रक्त असेल म्हणून ओल्या पानाने पुसलं, पण तो रंग निघेना.

दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने गेले तर ती तिथेच. त्या जंगलात कोल्हे होते, मांजरं होती, तरी कुणी तिला तोंड लावलं नव्हतं. तेव्हापासून या प्राण्याने मला धरून ठेवलं आहे. जे वाचलं, तिथल्या अभ्यासकांच्या मागे हिंडून जे पाहिलं, ते इथे लिहिते.

हिचं शास्त्रीय नाव सोरेक्स अरेनियस. ब्रिटनपासून स्कँडिनेव्हिया, पोलंड, रशिया असं करत पार सायबेरियात बैकाल सरोवरापर्यंत ती सापडते. आयर्लंडमध्ये मात्र नाही. वजन ५ ते १४ ग्रॅम. रोज स्वतःच्या वजनाच्या ८० ते ९० टक्के अन्न खावं लागतं, पिल्लांना पाजणारी मादी तर स्वतःच्या वजनापेक्षाही जास्त खाते. काही तास पोटात काही गेलं नाही तर ती मरते. थोडी झोपते, उठून शिकार करते, पुन्हा थोडी झोपते. दिवस असो, रात्र असो, बर्फ असो, हे चक्र आयुष्यभर चालू राहतं.

आयुष्यही केवढं? वर्ष, सव्वा वर्ष, फार तर दीड. उन्हाळ्यात जन्मायचं, अर्धवट वाढलेल्या अवस्थेत हिवाळा काढायचा, वसंतात झपाट्याने मोठं होऊन एकदाच विणीचा हंगाम पाहायचा आणि शरद ऋतूच्या आत संपून जायचं. मी पाहिलेल्या चिचुंद्रीच्या शेपटीवर केस जवळजवळ उरले नव्हते. पिल्लांची शेपटी केसाळ असते, वय झालं की केस झिजून जातात. म्हणजे ती म्हातारी होती आणि तिचं काम झालेलं होतं. खाल्ली गेली नाही याचं कारण तिच्या कुशीतल्या ग्रंथी. त्यांचा वास इतका उग्र असतो की मांजर मारतं, पण खात नाही.

खरं सांगायचं आहे ते हिवाळ्याचं. थंडी येताना ही चिचुंद्री लहान होते. नुसती बारीक होत नाही, तर कवटीसकट लहान होते आणि वसंतात पुन्हा वाढते. त्याबद्दल प्रतिसादांत सविस्तर लिहीन.

शेवाळ

वाचतोय. दोन प्रश्न. हे दात लाल का असतात? आणि चिचुंद्री म्हणजे उंदराच्याच जातीतली ना?

रानजाई

शेवाळ, नाही, उंदराशी तिचं नातं फक्त दिसण्यापुरतं. उंदीर कुरतडणारे प्राणी. चिचुंद्री हेजहॉग (अंगावर काटे असलेला छोटा प्राणी) आणि मोल यांच्या नात्यातली, कीटक आणि गांडुळं खाणारी. आपल्याकडच्या काही शब्दकोशांत मोललाही चिचुंद्रीच म्हटलेलं आढळतं, त्यामुळे गोंधळ वाढतो. मोल जमिनीखाली बोगदे खणतो, त्याचे पुढचे पाय फावड्यासारखे असतात. चिचुंद्रीचे पाय नाजूक. ती स्वतः फारसं खणत नाही. व्होल (उंदरासारखाच एक छोटा कुरतडणारा प्राणी) आणि मोल यांनी केलेली भुयारं वापरते, पालापाचोळ्यात वाट काढते.

लाल रंग लोहाचा. दाताच्या वरच्या कठीण आवरणात लोह साठतं आणि टोकं झिजेला टिकतात. हिचे दुधाचे दात आईच्या पोटातच जिरतात. जन्माला येते तेव्हा आयुष्यभराचे ३२ दात ठरलेले असतात, दुसरा संच नाही. वाळू-माती लागलेली गांडुळं आणि भुंग्यांची कठीण कवचं रोज चावून चावून ते झिजतात. अभ्यासक दातांची झीज पाहून वय सांगतात. आपल्या घरांत दिसते ती चिचुंद्री पांढऱ्या दातांच्या गटातली. थंड प्रदेशातल्या सोरेक्स लाल दातांच्या.

पाऊलखुणा

सुंदर धागा. माझी थोडी भर.

घुबडाला वासाचं काही वाटत नाही. गव्हाणी घुबड ही चिचुंद्री आख्खी गिळतं आणि न पचलेली हाडं-केस गोळीच्या रूपात ओकून टाकतं. युरोपातल्या एका जुन्या धान्यकोठारात गोळा केलेल्या अशा गोळ्या मी सोडवल्या आहेत. कोमट पाण्यात भिजत घालायच्या आणि चिमट्याने करडे केस बाजूला करत जायचं. आत नखाएवढी कवटी निघते, कागदासारखी पातळ, उजेडासमोर धरली तर आरपार दिसते. व्होलची कवटी आणि हिची कवटी लगेच वेगळी ओळखू येते. व्होलचे पुढचे दात पिवळसर, पटाशीसारखे आणि मागे मोकळी जागा. चिचुंद्रीची दातांची ओळ सलग, टोकं लाल, आणि गालाच्या हाडाची कमान नाहीच. ती कमान नसल्यामुळे कवटी निमुळत्या थेंबासारखी दिसते. पचनरसातून जाऊन आणि इतकी वर्षं धुळीत पडून राहूनही लाल रंग तसाच होता.

त्रिज्या

रानजाई, लेख आवडला, पण एक गोष्ट गळ्याखाली उतरत नाही. लहान शरीराचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने जास्त असतो, म्हणून ते लवकर थंड पडतं. म्हणूनच ध्रुवाकडचे प्राणी आकाराने मोठे, असा बर्गमनचा नियम आहे. मग थंडीत लहान होणं म्हणजे उलटी चाल झाली. हिवाळ्यात फक्त दुबळ्या आणि लहान वाचतात, मोठ्या मरतात, म्हणून सरासरी लहान दिसते, असं तर नाही ना?

रानजाई

त्रिज्या, तुमच्या दोन्ही शंका रास्त आहेत. दुसरी शंका तर कित्येक दशकं घेतली जात होती.

पोलिश प्राणिशास्त्रज्ञ आउगुस्ट डेनेल यांनी पोलंडमधल्या ब्याओव्येझाच्या जंगलातल्या सोरेक्सच्या कवट्या मोजल्या आणि १९४९ मध्ये लिहिलं की हिवाळ्यातल्या कवट्या उन्हाळ्यातल्यांपेक्षा बुटक्या आहेत आणि पुढच्या वसंतातल्या पुन्हा उंच. याला आज ‘डेनेल परिणाम’ म्हणतात. पण त्या कवट्या मेलेल्या, वेगवेगळ्या प्राण्यांच्या होत्या. तुम्ही म्हणता तोच आक्षेप त्यावर होता.

त्याचा निकाल २०१७ मध्ये लागला. जर्मनीत राडॉल्फत्सेलजवळ माक्स प्लांक संस्थेच्या हाविएर लाझारो, डीना डेखमान आणि सहकाऱ्यांनी चिचुंद्र्या जिवंत पकडल्या, त्यांच्या कातडीखाली सूक्ष्म चिप बसवली, क्ष-किरण चित्र घेतलं आणि त्यांना सोडून दिलं. पुढच्या महिन्यांत त्याच चिचुंद्र्या पुन्हा पकडून पुन्हा चित्र घेतलं. त्याच प्राण्याची तीच कवटी उन्हाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत सरासरी १५ टक्क्यांनी बुटकी झाली आणि वसंतात ९ टक्क्यांच्या आसपास वाढली. म्हणजे निवडून वाचण्याचा प्रश्न उरला नाही, प्रत्येक चिचुंद्री स्वतः आकसत होती.

कवटीच्या हाडांच्या सांध्यांजवळ हाड विरघळतं आणि नंतर पुन्हा भरतं. आत मेंदूही लहान होतो. यकृतासारखे काही अवयव हलके होतात, पाठीचा कणा आखूड होतो. मग मार्च-एप्रिलच्या सुमाराला उलटा प्रवास सुरू होतो आणि काही आठवड्यांत वजन जवळजवळ दुप्पट होतं. पूर्वीइतकी उंच मात्र कवटी परत कधी होत नाही.

आता तुमचा पृष्ठभागाचा मुद्दा. तुम्ही दर ग्रॅममागे हिशेब करता आहात. चिचुंद्रीला पोट एकच आहे, तिला दिवसाचं एकूण अन्न मिळवायचं आहे.

त्रिज्या

थांबा, मांडून पाहतो. ८ ग्रॅमची ६ ग्रॅमची झाली, शरीराचा आकार तसाच राहिला, तर पृष्ठभाग साधारण १७-१८ टक्क्यांनी कमी. दर ग्रॅममागे उष्णतेची गळती १० टक्क्यांनी वाढली, पण एकूण गळती घटली. बरोबर, एकूण खर्च कमीच होतो. मी गुणोत्तरात अडकलो होतो.

पण मोठा प्राणी चरबी साठवून हिवाळा काढतो. हिने तसं का करू नये? किंवा सरळ शीतनिद्रा घ्यावी.

रानजाई

चरबी साठवायला शरीरात जागा आणि हाताशी वेळ लागतो. हिच्याकडे दोन्ही नाही. पाच-सहा ग्रॅमच्या शरीरात मावणारी चरबी या वेगाने जळणाऱ्या भट्टीला किती पुरणार? शीतनिद्रा सोरेक्स घेत नाहीत. त्यांच्या शरीराचं तापमान हिवाळ्यातही उतरत नाही, चयापचयाचा वेग प्राण्यांत मोजल्या गेलेल्या सर्वांत जास्त वेगांपैकी आहे. आणि जर्मनीतल्या त्याच गटाच्या पुढच्या कामात दिसलं की दर ग्रॅममागे होणारा खर्च हिवाळ्यात वाढतही नाही. शरीर लहान म्हणून एकूण गरज लहान.

माझं मत सांगते. अस्वल साठवतं, पक्षी उडून जातात, हेजहॉग झोपतो. चिचुंद्रीला यातलं काहीच जमण्यासारखं नाही. तिच्या हातात एकच गोष्ट आहे: आपली भूक कमी करणं. त्यासाठी ती मेंदू आणि हाडांपर्यंत जाते. मेंदूला वजनाच्या मानाने फार ऊर्जा लागते, म्हणून तिथली बचत मोठी.

त्या बचतीची किंमतही आहे. हिवाळ्यातल्या चिचुंद्र्यांना खाद्याचा रस्ता शिकायला दिला तर उन्हाळ्यातल्या पिल्लांपेक्षा त्या मागे पडतात. हे वाचल्यावर मी बराच वेळ गप्प बसले होते.

बर्गमनच्या नियमाबद्दल: उत्तरेकडे जाल तशी सोरेक्स अरेनियस मोठी होत नाही, उलट लहान होत जाते.

नाडी

माझा व्यवसाय माणसांच्या हाडांशी संबंधित आहे, म्हणून हा भाग दोनदा वाचला. आपल्याकडे एकदा हाड झिजायला लागलं की ते भरून आणणं किती अवघड जातं हे रोज पाहते. हा प्राणी काही महिन्यांत कवटीचं हाड काढतो आणि पुन्हा घालतो. मेंदूचं काय होतं? पेशी मरतात का? मरत असतील तर नव्या येतात का?

रानजाई

नाडीताई, तोच प्रश्न संशोधकांनी घेतला. जिवंत चिचुंद्र्यांच्या मेंदूची चुंबकीय चित्रं (एमआरआय) ऋतूनुसार घेऊन पाहिली गेली. त्यात असं दिसलं की पेशी मरून कमी होत नाहीत, पेशींतलं पाणी कमी होतं आणि त्या आकसतात. पेशी टिकून राहतात म्हणूनच परतीची वाट खुली राहते. माणसाच्या मेंदूच्या काही आजारांत मेंदू आकसतो आणि तो परत फिरत नाही, त्यामुळे चेताशास्त्रज्ञांना या प्राण्यात रस आहे. तुमच्या क्षेत्रातले लोक कवटीच्या हाडाकडे त्याच नजरेने बघतात.

नाडी

पाणी! हे मनात आलं नसतं. धन्यवाद. याबद्दल अजून वाचते.

शेवाळ

मला अजून कळत नाही की उणे तीस अंशांत पाच ग्रॅमचा जीव उघड्यावर टिकतोच कसा. आकार लहान केला तरी उणे तीस ते उणे तीसच.

बर्फकण

शेवाळ, कारण ती उणे तीसमध्ये राहतच नाही. मी काही हिवाळे उत्तरेकडच्या जंगलात बर्फाचे थर मोजण्याच्या कामावर काढले आहेत, त्या अनुभवातून सांगतो.

बर्फ जमिनीवर साधारण २० सेंटिमीटर साचला की तो गोधडीसारखा काम करतो. जमिनीत उन्हाळ्याची ऊब उरलेली असते. ती खालून वर येते, सर्वांत खालचा बर्फ सरळ वाफ होऊन वरच्या थरात जाऊन गोठतो. हळूहळू जमिनीलगत मोठे, सुटे, साखरेच्या खड्यांसारखे स्फटिक तयार होतात आणि त्यांच्यामध्ये पोकळी राहते. अलास्कातले इनुपियाट लोक या थराला ‘पुकाक’ म्हणतात, आणि बर्फाचे अभ्यासकही तोच शब्द वापरतात. एकदा मी फावड्याने बर्फाची उभी भिंत कापली आणि तळाशी हात घातला. वरचा बर्फ करवतीने कापावा इतका घट्ट, आणि खाली बोटांतून खडे खळखळत ओघळले. हवेत उणे २६ होतं. तळाशी तापमापक ठेवला तर शून्याच्या खाली जेमतेम एक अंश.

चिचुंद्री त्या पोकळीत फिरते. गवताचे वाकलेले पुंजके, पडलेली खोडं, शेवाळाचे गादीसारखे थर यांच्या कडेकडेने. तिथे अंधार असतो, ओलसर असतं, वारा नाही. खायला सुप्तावस्थेत पडलेले कोळी, भुंगे, अळ्या, कोष. तिथे तिला डोळ्यांचा उपयोग नाही. मिशा आणि नाक हेच सगळं. ती सतत बारीक चिवचिवते, आणि त्या आवाजाचे प्रतिध्वनी ऐकून आसपास काय आहे याचा अंदाज घेते असं प्रयोगांतून दिसलं आहे. वटवाघळाइतकं अचूक नाही, पण समोर मोकळी जागा आहे की अडचण, एवढं कळतं.

म्हणून तिला खरी भीती कडाक्याच्या थंडीची नसते. भीती असते ती बर्फ न पडता आलेल्या थंडीची. नोव्हेंबरात जमीन उघडी असताना पारा उतरला तर गोधडी नाही. दुसरी भीती हिवाळ्यात पडणाऱ्या पावसाची. पाणी बर्फातून झिरपतं, तळाशी गोठतं आणि पोकळीच्या जागी बर्फाची लादी तयार होते. अन्न लादीखाली अडकतं.

त्रिज्या

बर्फकण, म्हणजे हिवाळे उबदार झाले तर हिचं सोपं होईल असं म्हणता येणार नाही.

बर्फकण

नाही म्हणता येणार. बर्फाचा थर पातळ झाला की तळ जास्त गारठतो. हे बाहेरून पाहणाऱ्याला उलटं वाटतं, पण खणून पाहिलं की पटतं.

त्रिज्या

आकसणं थंडीमुळे की अन्न कमी झाल्यामुळे, हे वेगळं काढलं आहे का कुणी? दोन्ही एकदमच येतात ना.

रानजाई

याचं छान उत्तर मोलमध्ये मिळालं. संग्रहालयांतल्या कवट्या मोजल्या तेव्हा युरोपीय मोलची कवटी हिवाळ्यात ११ टक्क्यांनी आकसते आणि वसंतात ४ टक्के वाढते असं दिसलं. स्पेनमधल्या त्याच्या भाऊबंदाला अन्नाची टंचाई उन्हाळ्यात भासते, जमीन वाळून कडक होते तेव्हा. त्याची कवटी मात्र कधीच आकसत नाही. नुसत्या टंचाईने हे घडत असतं तर त्याचीही उन्हाळ्यात आकसली असती. थंडी लागतेच.

वीझलच्या कुळातल्या छोट्या मांसाहारी प्राण्यांतही हे आढळतं, वीझल आणि स्टोटमध्ये. सगळे बारीक, सतत धावणारे, शीतनिद्रा न घेणारे.



कवडसा

वाचनखूण साठवली. या चिचुंद्रीला विष असतं असं कुठेतरी वाचलं होतं, खरं का?

पाऊलखुणा

कवडसा, हिला नाही. नावातलं ‘अरेनियस’ म्हणजे कोळ्यासारखी, कारण युरोपात जुन्या काळी हिचा चावा कोळ्याच्या चाव्यासारखा विषारी मानत. गुरांच्या अंगावरून ती गेली तर गुरं लंगडी होतात असाही समज होता आणि त्यापायी बिचाऱ्या पुष्कळ मारल्या गेल्या. खरोखर विषारी लाळ असते ती युरोपातल्या पाणचिचुंद्रीला आणि उत्तर अमेरिकेतल्या आखूड शेपटीच्या ब्लारिनाला.

आणि कुणी अभ्यासासाठी पकडायचा विचार करत असेल तर एक कळकळीची विनंती. व्होलसाठी लावलेल्या सापळ्यात चिचुंद्री शिरली आणि सापळा रात्रभर पाहिला नाही तर सकाळी ती मेलेलीच मिळते. थंडीने नाही, भुकेने. ब्रिटनमध्ये चिचुंद्र्यांना १९८१ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, परवान्याशिवाय पकडता येत नाहीत. तिथे सापळ्याला १३ मिलिमीटरचं भोक पाडतात, त्यातून चिचुंद्री निसटते आणि व्होल राहतो. पकडायचीच असेल तर आत माशीचे कोष खायला ठेवायचे, कोरडं गवत भरायचं आणि दर काही तासांनी फेरी मारायची. मी एकदा फेरीला उशीर केला होता. गवताच्या गोळ्यात ती गुंडाळून पडलेली होती, खाद्य सगळं संपवून. त्यानंतर मी रात्रीची झोप सोडली, पण फेरी सोडली नाही.

शेवाळ

हे वाचून वाईट वाटलं, पण सांगितलंत ते बरं झालं.

रानजाई, हिवाळ्यात त्या एकत्र गोळा होऊन ऊब घेतात का?

रानजाई

नाही. पिल्लं तीन-साडेतीन आठवड्यांत दूध सोडतात आणि त्यानंतर लवकरच एकेकटी होतात. शरद ऋतूपर्यंत प्रत्येकीचा आपापला टापू ठरतो आणि हिवाळाभर ती तो एकटीने सांभाळते. दोघी समोरासमोर आल्या तर आधी किंचाळतात, मग उताण्या पडून एकमेकींची शेपटी धरून भांडतात. टापूत तिच्यापुरतंच अन्न असतं, म्हणून एवढी चुरस. ज्यांना टापू मिळत नाही त्या बहुधा हिवाळा पाहत नाहीत.

त्याच जमिनीवर ‘बुटकी सोरेक्स’ ही दुसरी जात मात्र चालते, ती हिच्या अर्ध्या वजनाचीही नसते. बुटकी वरच्या पाचोळ्यात भुंगे-कोळी टिपते, गांडुळांना हात लावत नाही. ही खालच्या मातीत उतरते. एकाच फूटभर जागेत दोघींचे मजले वेगळे.

बर्फकण

मे महिन्यात तिकडे कुणी जाणार असेल तर ओढ्याकाठच्या उंच गवताजवळ संध्याकाळी दहा मिनिटं हालचाल न करता उभं राहा. बर्फ वितळून गेलेला असतो, जुनं गवत जमिनीवर चटईसारखं दबलेलं असतं. त्याखालून बारीक, टोकदार किंचाळ्या ऐकू येतात. त्या वेळी हिवाळा काढलेल्या चिचुंद्र्यांचा विणीचा हंगाम चालू असतो.

रानजाई

हो, मी ऐकल्या आहेत. त्याच पायवाटेच्या कडेला, पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात. गवत हललं, सोंड बाहेर आली, दोनदा वर झाली, आणि ती वाट ओलांडून पलीकडे गेली. शेपटीवर केस विरळ होऊ लागले होते. अंगाने चांगली भरलेली होती, दहा-अकरा ग्रॅमची असेल.